लोटन नाना आणि टेलचं पाणी

लग्नाच्या पंगतीत लोटन नाना कायम शेवटच्या पानावर बसतात. वय सत्तरीला टेकलेलं, गावात मान आहे, यजमान हाताला धरून पहिल्या ओळीत न्यायला बघतात. नाना हात सोडवून घेतात आणि मांडवाच्या टोकाला, जिथून पुढे फक्त चपला सुरू होतात, तिथे मांडी घालतात. मग वाढपी कुठवर आला, भाजीतली वांगी कुठे संपली आणि नुसता रस्सा कितव्या पानापासून सुरू झाला, यावर त्यांची नजर. हात धुतल्यावर वधूपित्याला बाजूला घेऊन ते शांतपणे निकाल देतात. "अकरा पानलगून भाजी बरी व्हती. टेलले नुसतं पानी पोचनं." यावर वधूपित्याने काय म्हणायचं असतं, हे पारोळ्यात अजून कोणाला सुचलेलं नाही.

हे टेल समजल्याशिवाय नाना समजत नाहीत. नाना एकतीस वर्षं पाटकरी होते. कालव्याच्या चाऱ्यांची, म्हणजे वावरांकडे जाणाऱ्या फाट्यांची, गेटं ठरल्या वेळी उघडायची आणि ठरल्या वेळी बंद करायची, प्रत्येक वावराला त्याच्या पाळीचं पाणी द्यायचं, हे पाटकऱ्याचं काम. कालवा जिथून निघतो ते हेड, जिथे संपतो ते टेल. हेडवाल्यांची वावरं कायम हिरवी असतात आणि टेलवाले कायम अर्ज करत असतात. एकतीस वर्षं हे बघून नानांचं मत असं झालं की जगातली कुठलीही गोष्ट खरी कशी आहे ते टेललाच कळतं. हेडला सगळं छानच दिसतं.

मी त्यांच्या शेजारच्या गल्लीत राहतो आणि शाळेत भूगोल शिकवतो. एकदा नाना पालक म्हणून, म्हणजे कोणाचे तरी पालक म्हणून, माझ्या वर्गात येऊन मागे बसले. मी त्या दिवशी मौसमी वारे शिकवत होतो आणि, स्वतःच सांगायचं तर, बरं शिकवत होतो. तास संपल्यावर नानांनी शेवटच्या बाकावरच्या तिघांना उभं करून वारा कुठून येतो ते विचारलं. एकाने खिडकीकडे बोट दाखवलं. नाना मला म्हणाले, "सर, तुमी शिकाडतस झकास. पन हेडलेच मुरी जास." मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यानंतर मात्र मी शेवटच्या बाकापासून प्रश्न विचारायला लागलो, हेही खरं आहे.

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला लागतात, नाना सायकलवर बसले. काळी, चोवीस इंची, घोड्यासारखी उंच सायकल, पुढे दिवा, मागे रुंद कॅरिअर. नोकरीत त्यांनी तिच्यावरून कालव्याची भराव-वाट तुडवलेली. आता ते दुसऱ्यांचे कालवे बघायला जाऊ लागले. एरंडोलकडचा झाला, शिंदखेड्याकडचा झाला, तापीच्या पलीकडचे झाले. प्रत्येक वेळी जायचं ते टेललाच. परत आल्यावर गल्लीच्या तोंडाशी सायकल लावून जो भेटेल त्याला अहवाल द्यायचा. कोरडं टेल सापडलं की आवाज बारीक व्हायचा. आजवर त्यांना कोरडीच सापडली होती.

अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, तीन वर्षांपूर्वी वारल्या. तेव्हापासून सायकलीचे पल्ले वाढले. आधी संध्याकाळी परतणारे नाना दोन-दोन, चार-चार दिवस बाहेर राहू लागले. घरात करमत नाही, एवढंच आम्ही समजलो. पोळी-भाजी विचारायला माझी बायको जायची, तर दाराला कुलूप आणि ओट्यावर शेजारची मांजर.

नानांची लांबच्या प्रवासाची एक पद्धत होती. ते किलोमीटर मोजत नसत, निंब मोजत. आपल्याकडे रस्त्याकडेला कडुनिंब असतोच, आणि निंब आला की त्याखाली टपरी नाहीतर हापसा नाहीतर पाणपोई. "दोन निंब व्हयनात की थांबूत," असं ते म्हणायचे आणि खरंच थांबायचे. धुळं त्यांच्या हिशेबाने चोपन्न निंबांवर होतं, रस्ता रुंद केल्यावर अकरांवर आलं. त्याबद्दल त्यांचा रस्तेवाल्यांवर राग आहे, पण पद्धत त्यांनी सोडली नाही. या पद्धतीमुळे ते सोबत एकच बाटली पाणी ठेवत. जास्त पाणी घेणारा माणूस त्यांना भित्रा वाटे.

महाशिवरात्रीच्या सुमाराला केळीच्या ट्रकवरचा एक ड्रायव्हर त्यांना भेटला. आपली केळी कुठवर जातात याला काही सीमा नाही. हा गडी राजस्थानात माल उतरवून आला होता. त्याने सांगितलं की तिकडे वाळवंटात एक कालवा आहे, शेकडो मैल लांब, आणि त्याचं पाणी पार शेवटच्या वावरापर्यंत जातं, त्याने स्वतः पाहिलं. नाना त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी सहाला माझ्या दारात.

"सर, वाळवंट कितला वरीसफाइन शिकाडतस?"

मी म्हटलं, सव्वीस.

"देखं का कव्हय?"

मी पाठ्यपुस्तकातल्या चित्राबद्दल काहीतरी बोलायला लागलो. आत मेथी निवडत बसलेली माझी बायको हसली. ती हसली नसती तर मी गेलो नसतो.

अशा रीतीने भाच्याची गिअरवाली सायकल उसनी घेऊन, पाठीवर दशम्या आणि ठेच्याचा डबा बांधून, मी नानांबरोबर कच्च्या केळीच्या ट्रकमधून राजस्थानात गेलो. ते अडीच दिवस मी इथे सांगत नाही. ड्रायव्हरने आम्हाला एका लहान गावात उतरवलं. तिथल्या धर्मशाळेत चौकशी केल्यावर कळलं की कालव्याचं टेल सत्तर किलोमीटरवर आहे, आणि रब्बीची शेवटची पाळी उद्याच संध्याकाळी सहाला बंद होणार. नानांचा चेहरा उजळला. टेलची परीक्षा शेवटच्याच पाळीला होते, पहिल्या पाळीला कोणीही पाणी पोचवतो, असं ते म्हणाले. सहाच्या आत पोचायचं आणि पाणी डोळ्यांनी बघायचं, एवढंच काम होतं.

नकाशात कालव्याच्या काठाने एक सरळ वाट दिसत होती, दुतर्फा झाडं लावलेली. मी ती दाखवली. नानांनी मान हलवली. साहेब लोक तपासणीला काठानेच येतात, त्यामुळे पुढच्या गेटवाल्याला आधी बातमी लागते आणि पाणी सोडून ठेवतात. खरं टेल बघायचं तर वाळवंटाच्या बाजूने, न सांगता जायचं. पारोळ्याचा एक निवृत्त पाटकरी येतोय याची बातमी इथे कोणाला लागणार आहे, असं मी विचारलं. नाना म्हणाले, सावध राहिलेलं बरं. मी नकाशाची घडी केली.

पहाटे पाचला निघालो तेव्हा थंडी होती. नऊपर्यंत सगळं छान चाललं. रस्ता सरळ आणि सपाट, दोन्हीकडे खुरटी झुडपं, मधेच उंट. मी सव्वीस वर्षं फळ्यावर काढलेल्या अर्धचंद्राकृती टेकड्या कुठे दिसेनात. वाळवंट म्हणजे बहुतेक ठिकाणी मुरुमाचं माळरानच असतं, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं. अकरा वाजता ऊन तापलं. वाटेतल्या एका मेंढपाळाने आम्हाला थांबवून दुपारी चालू नका, असं हातवारे करून सांगितलं. नानांना ते लागलं. उन्हाच्या बाबतीत कोणी आपल्याला शिकवावं हे खानदेशी माणसाला सोसत नाही. त्यांनी सायकल थांबवून त्याला आमच्या बोलीतच सुनावलं. "हाई काय ऊन शे? आमना जयगावले इतलं ऊन तं सावलीमा पडस." जयगाव म्हणजे जळगाव, हे मेंढपाळाला कुठून कळणार, तो मेंढ्या घेऊन निघून गेला.

साडेअकराला नाना म्हणाले, दोन निंब झाले की थांबू.

पहिला निंब आला नाही. आम्ही तासभर सायकल मारली. रस्त्याच्या कडेला काटेरी झुडपं होती, त्यांची सावली एखाद्या कोंबडीला पुरली असती. हापसा नाही, टपरी नाही, दगडाशिवाय काही नाही. माझी बाटली संपली, मग नानांनी आपल्या बाटलीतलं अर्धं मला दिलं आणि तीही संपली. नाना मान वर करून लांब बघत होते. पन्नास वर्षं ज्या पद्धतीने ते हिंडले ती इथे चालत नव्हती, आणि हे त्यांच्या लक्षात येत होतं. मी चिडलो होतो. भित्रा माणूस जास्त पाणी घेतो म्हणाला होतात ना, असं मी बोलूनही गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. पुढे ते सायकलवरून उतरून चालायलाच लागले आणि मला त्यांच्या पायांची काळजी वाटली.

एका ठिकाणी रस्त्याखालून सिमेंटचा मोठा पाइप गेलेला होता, पावसाच्या ओढ्यासाठी. आम्ही सायकली वर टाकल्या आणि पाइपात शिरलो. आत गारवा होता. दोघं समोरासमोर, गुडघे पोटाशी घेऊन बसलो. तोंड कोरडं पडल्यामुळे दशमी गिळेना. मी म्हटलं, नाना, इथून परत फिरू, एखादी गाडी थांबवू. एक टेल नाही पाहिलं तर काय बिघडतं? तुम्ही आजवर शेकडो पाहिली.

नानांनी पाइपाच्या तोंडातून दिसणाऱ्या उजेडाकडे मान वळवली. मग म्हणाले, "सासरानं वावर टेलले व्हतं, सर."

इतक्या वर्षांचा शेजार, पण हे मला माहीत नव्हतं. अक्कांचं माहेर नानांच्याच चारीच्या अगदी टोकाला होतं. लग्न झालं त्या वर्षापासून, पाळी सुरू झाली की अक्का विचारायच्या, यंदा मना बापना वावरमा पानी ई का? नाना म्हणायचे, बघू. पाणी कधी तिथवर जात नसे, त्यात नानांचा दोष नव्हता. वरचे लोक रात्रीबेरात्री चारी फोडायचे. पण एका वर्षी पाऊस चांगला झाला होता, नाना महिनाभर चारीवर झोपले, कोणाला फोडू दिली नाही. शेवटच्या पाळीला पाणी पुढे सरकत सरकत सासऱ्याच्या वावराच्या अलीकडे दोन वावरं येऊन पोचलं. गहू ओंबीत होता. सासरा फावडं घेऊन बांधावर उभा होता. आणि सहा वाजले.

वेळ संपल्यावरही तासभर गेट उघडं ठेवणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. सगळे पाटकरी ठेवायचे, नानांनीही ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांनी घड्याळ बघितलं आणि गेट बंद केलं.

"दुसरा कोनी ऱ्हाता तं मी घंटाभर ऱ्हाऊ देता. सासरा व्हता म्हनीसन बंद करी टाकं. लोके काय सांगतीन, हाई भेव."

मी म्हटलं, नियमाने तुम्ही बरोबरच वागलात.

"हा. नियम बराबर व्हता." नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "घर गवू. तिनी ताट वाढं. काहीच बोलनी नही. मंग पुढला वरीस पाळी सुरू व्हयनी, मी वाट देखी राहयंतू, आते इचारी, मंग इचारी. तिनी कव्हयच इचारं नही, सर. मरस तोलगून नही."

मी सव्वीस वर्षं वर्गात बोलतो आहे, कुठे थांबायचं हे मला सहसा कळत नाही, तेव्हा तरी कळलं. मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि मघाशी बाटलीवरून बोललो त्याची लाज वाटली. ते टेलं का शोधत फिरतात हे मला आता समजलं. एक तरी ओलं सापडावं म्हणून.

साडेतीनला एक पाण्याचा टँकर वरून गेला. मी पाइपातून धावत बाहेर येऊन दोन्ही हात हलवले. त्या भल्या माणसाने थांबून पाणी पाजलं, बाटल्या भरून दिल्या, आणि आम्हाला वेड्यात काढून निघून गेला. सायकली टँकरवर टाका म्हणत होता, पण नाना तयार होईनात. सत्तरीचा माणूस मग जो सुटला, तो मला गिअरच्या सायकलवरून गाठता येईना.

साडेपाचला हिरवा पट्टा दिसला. माळरान सरळ येत होतं आणि एका बांधाशी एकदम गहू सुरू होत होता. चारी तिथे येऊन संपलेली. नानांनी सायकल आडवी टाकली आणि चारीच्या काठावर उकिडवे बसले. पाणी होतं. वीतभर रुंद, गढूळ, गवताच्या काड्या घेऊन हळूहळू येत होतं. नानांनी बोट बुडवून पाहिलं. एरवी अशा वेळी ते पाण्याचा वेग, गाळ, गळती यावर अर्धा तास बोलले असते. त्या दिवशी ते बोट तसंच पाण्यात ठेवून बसले.

वावराचा मालक पुरखाराम नावाचा माणूस होता, असेल चाळिशीचा, डोक्याला लाल पगडी, हातात फावडं. आम्ही कोण हे मी त्याला माझ्या हिंदीत सांगितलं. महाराष्ट्रातून त्याच्या चारीचं टोक बघायला सायकलवर दोन माणसं आली आहेत, हे त्याला नीटसं पटलं नाही, पण त्याचं लक्षही नव्हतं. तो सारखा मागे वळून बघत होता. त्याचे शेवटचे तीन वाफे कोरडे होते, आणि गहू ओंबीत होता.

सहाला पाच कमी असताना मोटरसायकलवर तिथला पाटकरी आला. तरणा, व्यवस्थित माणूस, गेटची लोखंडी चावी मागे बांधलेली. त्याने घड्याळ बघितलं, चावी सोडली आणि गेटकडे निघाला. पुरखारामने फावडं जमिनीत रोवलं. त्याने विनवणी केली नाही. बहुधा आधी करून झाली असावी.

नाना उठले. त्यांच्या गुडघ्यांना माती लागली होती. ते त्या पाटकऱ्याच्या आडवे उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. एकतीस वर्षं लोकांनी ज्याच्यापुढे हात जोडले, त्या माणसाला मी पहिल्यांदा हात जोडताना बघत होतो.

"साब, आधा घंटा रहने दो. तीन वाफे बाकी है उसके."

पाटकरी म्हणाला, टाइम झाला, बाबा. मग त्याने नानांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. हे इथले दिसत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने विचारलं, "ये कौन लगता है आपका?"

नाना म्हणाले, "ससरा लगता है मेरा."

पाटकऱ्याने नानांच्या पांढऱ्या मिशांकडे बघितलं, मग पुरखारामच्या काळ्या मिशांकडे. तो थट्टा शोधत होता, पण नानांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. पुरखारामनेही नाकारलं नाही. मी खाली बघत होतो, कारण मला माझ्या डोळ्यांचा भरवसा नव्हता. थोड्या वेळाने पाटकऱ्याने चावी मोटरसायकलच्या टाकीवर ठेवली आणि तो चारीच्या काठावर बसला. "आधा घंटा," तो म्हणाला, "ससुरजी के नाम पे."

नानांनी पुरखारामच्या हातातलं फावडं घेतलं. पाणी पुढे, नाना त्याच्याही पुढे, वाकून माती सारत, वाफ्याची तोंडं फोडत, बुजवत. पहिला भरला. दुसरा भरला. तिसऱ्यात पाणी शिरलं तेव्हा ते बांधावर उभे राहिले आणि शेवटच्या कोपऱ्यातल्या भेगा भरेपर्यंत तिथून हलले नाहीत. रडत होते. कोणापासून लपवत नव्हते.

पुरखारामने वावरातल्या झोपडीत काही सांगितलं आणि स्वतः पितळी पेल्यात चहा घेऊन आला. मला वाटलं पाहुणा म्हणून आधी मला देईल. तो माझ्या पुढून नानांकडे गेला. "लो, जंवाईसा," तो म्हणाला.

नानांनी फावडं खाली ठेवलं, हात धोतराला पुसले, आणि पेला घेण्याआधी वाकून त्याच्या पायांना हात लावला. तीस वर्षांनी लहान माणूस. पुरखाराम मागे सरला नाही. त्याने ओला हात नानांच्या टोपीवर ठेवला आणि तसाच थोडा वेळ राहू दिला.